मधली हवा

मी एक जुना डोळा आहे, मित्रांनो. घाबरू नका, कुणाच्या कपाळातून निखळलेला नाही. स्टीलचा एक उभट थर्मास आहे, त्याच्या पोटात नीलमण्याची एक छोटी काच आहे आणि त्या काचेमागे तांदळाच्या दाण्याहून लहान असा काळसर स्फटिक बसवलेला आहे. तो मी. तुम्हाला जे दिसतं त्यातलं मला काही कळत नाही. तांबडा, हिरवा, निळा हे सगळे तुमचे लाड. पण तांबड्याच्या पलीकडे एक उजेड असतो. शिकलेली माणसं त्याला अवरक्त किरण म्हणतात, आणि तुमची कातडी त्याला नुसती ऊब म्हणते. तो उजेड मला लख्ख दिसतो. चहाचा पेला मला दिवाळीतल्या पणतीसारखा दिसतो म्हणा ना. बढाई नाही मारत, माझं कामच ते आहे.

समुद्राकाठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. दोन धातू एकत्र वितळवून, सावकाश थंड करून माझा स्फटिक वाढवला आणि मग पातळ कापला. ज्या बाईंनी मला थर्मासात बसवलं त्या काम करताना श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायच्या. बसवून झाल्यावर थर्मासच्या दोन भिंतींमधली हवा उपसून काढली आणि वरून माझ्या पोटात द्रव नायट्रोजन ओतला. थंडी कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं, आणि त्याच क्षणी मला दिसायलाही लागलं. कारण सोपं आहे. गरम डोळ्याला आधी स्वतःचीच ऊब दिसते. दुसऱ्याची ऊब मोजायची तर आपण गार राहावं लागतं. माणसांचंही थोडंफार असंच असावं, पण त्यात मी पडत नाही.

तिथून मी उत्तर जपानातल्या मोरिओकाला आलो. गावाबाहेरच्या एका विद्यापीठात तोमाबेची सेन्सेईंची (सेन्सेई म्हणजे तिकडचे सर) प्रयोगशाळा होती आणि त्या प्रयोगशाळेत एक मशाल होती. तेल-चिंध्यांची नव्हे, हवेची. तांब्याच्या वेटोळ्यातून वीज सळसळायची, वेटोळ्यामधल्या नळीतून साधी हवा वर जायची आणि तोंडातून बाहेर पडताना तीन हजार अंशांची ज्योत होऊन निघायची. इतकी तापली की हवा हवा राहत नाही, तिचे रेणू फुटतात, नव्या जोड्या जुळवतात आणि जमेल तितका उजेड फेकत सुटतात. याला प्लाझ्मा म्हणतात. अवकाशातून पृथ्वीवर परतणाऱ्या कुपीभोवतीची हवा अशीच पेटते. ती हवा कुपीला किती भाजेल, हे आधी कळलं तर तिच्या पाठीवरची ढाल किती जाड करायची ते ठरवता येतं. त्यातला न दिसणारा उजेड मोजायचं काम माझं होतं.

रोज सकाळी माझी परीक्षा व्हायची. एक काळी भट्टी ठरलेल्या तापमानाला तापवून माझ्यापुढे धरायचे. तिच्यातून किती ऊब निघणार हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे मी बरोबर सांगतो की नाही ते लगेच कळतं. भट्टी तापायला फार वेळ घेते म्हणून ही परीक्षा दिवसातून एकदाच. इतक्या वर्षांत मी एकदाही नापास झालो नाही. पाहुणे आले की तोमाबेची सेन्सेई माझ्या थर्मासवर टिचकी मारून म्हणत, "माझ्या खात्यात एकच जण कधी थाप मारत नाही, तो हा." मग पाहुणे हसत, बाकीचे चेहरे पाडत, आणि मला फार बरं वाटे.

सायो ओइकावा आली तेव्हा मी तसा म्हाताराच झालो होतो. ती डॉक्टरेट करायला आली होती. तिचं काम माझ्या उलट होतं. मी बघायचो आणि ती न बघता सांगायची. हवा इतकी तापली तर तिच्यातला कोणता रेणू कोणत्या रंगात किती उजेड फेकेल, हे ती संगणकावर एकेका रेषेचा हिशेब करून मांडायची. अशा लाखो रेषा. त्यांची बेरीज करून एक वक्र काढायची. तिचा वक्र आणि माझा वक्र एकमेकांवर नेमका बसला की काम फत्ते. आणि तो बसण्यावर तिचं सगळं अवलंबून होतं. फेब्रुवारीत तिची सभा होती, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा. कुपीच्या ढाली बनवणाऱ्या संस्थेत तिची जागा ठरलेली होती, पण पदवी हातात असेल तरच.

सकाळी सगळ्यात आधी तीच यायची. माझ्या पोटात नायट्रोजन ओतताना म्हणायची, "प्या आजोबा, सावकाश. ठसका लागेल." मला आजोबा म्हणणारी ती पहिलीच. वर निघालेली पांढरी वाफ विरेपर्यंत ती शेजारी उभी राहायची आणि मग भट्टी पुढे आणायची.

तिच्याबरोबर मोजणीला कोचिंदा सेन्सेई असत. हे सहायक प्राध्यापक त्याच वसंतात पार दक्षिणेतल्या उबदार ओकिनावाहून आलेले. हुशार माणूस, मनाने उमदा, पण थंडी म्हटली की त्यांचं धाबं दणाणायचं. मशालीचं वेटोळं उन्हाळ्यात जळालं, नवं बसून चालू होईपर्यंत नोव्हेंबर उलटला, आणि इवाते डोंगराने पांढरी टोपी चढवली. मशालीची खोली म्हणजे उघडा सिमेंट-काँक्रीटचा खोका. आजवर सगळे जण कापूस भरलेले अंगरखे घालून, नाकं पुसत तिथे काम करत आले होते. कोचिंदा सेन्सेई अंगरख्यावर अंगरखा चढवूनही थडथड उडत.

"आमच्याकडे पंधरा अंश झाले की शाळेला सुट्टी देतात," ते म्हणाले.

"काहीतरीच," ओइकावा म्हणाली.

"बरं, देत नाहीत. पण द्यायला हवी."

तोमाबेची सेन्सेईंना दया आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक रॉकेलची शेगडी आणली आणि तिच्यावर ठेवायला बिडाची एक किटलीही. मोरिओकाच्या माणसाला शेगडीवर किटली नसेल तर शेगडी उघडी पडल्यासारखी वाटते. "ही माझ्या आईची आहे. हिच्यातल्या पाण्याचा चहा गोड लागतो," ते म्हणाले. कोचिंदा सेन्सेई कमरेत वाकून वाकून आभार मानत राहिले.

तेव्हापासून दिवसाचा एक क्रम बसला. पहाटेच्या गारठ्यात ओइकावा माझी परीक्षा घ्यायची. दहाच्या सुमारास कोचिंदा सेन्सेई यायचे, खिडक्या गच्च लावायचे, फटींना कापडाच्या पट्ट्या चिकटवायचे, शेगडी पेटवायचे आणि किटली चढवायचे. घरून आलेली जांभळी रताळी चांदीच्या कागदात गुंडाळून शेगडीवर ठेवायचे. दुपारपर्यंत खोली अशी उबदार व्हायची की बाजूच्या खोल्यांतली मंडळी काही ना काही निमित्त काढून येत आणि रताळं खाऊन जात. मग मशाल पेटायची, आणि मी बघायचो.

आणि काही केल्या जुळेना.

तिच्या वक्राला दोन ठिकाणी टेकड्या होत्या, तिथे माझ्या वक्राला खड्डे पडत. इतर सगळीकडे आम्ही दोघं गळ्यात गळा घालून चालायचो, पण त्या दोन ठिकाणी मी खाली आणि ती वर. एका जागी कार्बन डायऑक्साइडचा उजेड यायचा, दुसऱ्या जागी पाण्याच्या वाफेच्या रेणूंचा. आधी तिने मशालीतल्या हवेचा वेग बदलून पाहिला, मग नळीतून जाणारी हवाच बदलून पाहिली. शेवटी तिने आपल्या हिशेबातल्या रेषा एकेक करून तपासल्या. तिचे डोळे लाल झाले, हे मला कोचिंदा सेन्सेईंच्या बोलण्यावरून कळलं, कारण लाल मला दिसत नाही.

"सकाळच्या परीक्षेत डोळा पास झालाय ना?" तोमाबेची सेन्सेईंनी आलेखाचा कागद हातात धरून विचारलं. ते मशालीच्या खोलीत क्वचितच येत. त्यांना गुडघ्यांमुळे जिने चढवत नसत, कागद त्यांच्याकडे खाली जात. त्या दिवशी ते मुद्दाम वर आले होते.

"रोज पास होतो," ओइकावा म्हणाली.

"मग नापास कोण?"

मित्रांनो, मला तेव्हा जे वाटलं ते सांगतो. मला माझ्या खरेपणाचा राग आला. मी खरं बोललो म्हणून ती खोटी ठरत होती. आणि मला ठाऊक होतं की हिशेबात ती कधी आळस करत नाही. पण मला सांगता काय येणार? माझ्यापर्यंत पोचलेला उजेड मी सांगतो. जो पोचला नाही, तो वाटेत कुठे अडकला, ते मला कळत नाही.

"जानेवारीच्या अखेरीपर्यंत बघ," सेन्सेई म्हणाले. "नाहीतर सभा पुढच्या वर्षी. मला आवडणार नाही, पण न जुळलेलं काम मी पुढे पाठवत नाही. कुणीतरी त्याच्यावर विसंबून ढाल बनवणार असतं." एवढं बोलून त्यांनी शेगडीपाशी हात शेकले, किटलीतल्या पाण्याचा चहा घेतला आणि जिना उतरून गेले.

ते गेल्यावर कोचिंदा सेन्सेईंनी एक रताळं सोलून तिच्यापुढे धरलं. "खा आधी. आणि ऐक. त्या दोन टेकड्यांना एकेक गुणक लाव. थोड्या खाली येतील आणि बसतील. जगात सगळे लावतात."

"तो गुणक कशाचा, असं सभेत विचारलं तर?"

"अनुभवाचा म्हणायचं."

"कुणाच्या अनुभवाचा? माझ्या तर नाही."

"माझ्या म्हण. माझं वय झालंय, खपून जाईल."

ती हसली, पण रताळं तसंच हातात धरून बसली. "सेन्सेई, उद्या ती कुपी खाली येताना हवा काही माझा गुणक विचारून तापणार नाही. मी नाही लावणार. एक वर्ष गेलं तर जाऊ दे." असं म्हणाली खरी, पण तिने रताळं न खाताच परत कागदात गुंडाळून ठेवलं. कोचिंदा सेन्सेई किटली भरायला म्हणून उठले आणि बराच वेळ नळापाशी उभे राहिले.

डिसेंबर संपत आला. वर्षाच्या शेवटी आमच्याकडे मोठी साफसफाई असते. सगळ्या जपानात असते, पण तोमाबेची सेन्सेईंच्या खात्यात ती व्रतासारखी पाळायची. टेबलं बाहेर, खुर्च्या बाहेर, खिडक्या सताड उघड्या, आणि प्राध्यापकापासून पोरापर्यंत सगळे डोक्याला फडकं बांधून फरशी पुसायला. कोचिंदा सेन्सेईंनी लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ओइकावाने खसाखस ओढून काढल्या. शेगडी विझवून व्हरांड्यात गेली. बर्फाचा वारा खोलीच्या एका खिडकीतून शिरून दुसरीतून बाहेर पडू लागला.

तेवढ्यात व्हरांड्यातून तोमाबेची सेन्सेईंची आरोळी आली. त्यांना आम्ही कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "अहो, ब्रश ठेवा! आधी ब्रश खाली ठेवा!"

कोचिंदा सेन्सेई बिडाच्या किटलीत हात घालून आतलं किटण घासायला बसले होते. मोरिओकात किटलीचं पोट आतून घासणं म्हणजे आजीच्या डोक्यावरचे केस उपटण्यासारखं आहे. तो पांढरट थर वर्षानुवर्षांच्या पाण्याने धरलेला असतो आणि त्यामुळेच चहा गोड लागतो.

"मला वाटलं मळ आहे," कोचिंदा सेन्सेई ओशाळून म्हणाले.

"मळ! माझ्या आईने चाळीस वर्षं पाणी उकळलंय त्यात!"

"मोठी माणसं, खेळायला किटली," ओइकावा फरशी पुसता पुसता पुटपुटली, आणि किती तरी दिवसांनी मोकळी हसली.

साफसफाई झाली की मशालीच्या टेबलावर नव्या वर्षाचा नैवेद्य म्हणून चिकट भात कुटून केलेल्या गोल वड्या एकावर एक ठेवून वर नारिंग ठेवतात, आणि वर्षातली शेवटची ज्योत पेटवतात. थोडा वेळच. सगळे टाळी वाजवतात, झुकतात आणि घरी जातात. त्या ज्योतीची मोजणी कधी कुणी करत नाही. पण ओइकावा सकाळी सवयीने लवकर आली होती, सवयीनेच तिने माझी परीक्षा घेतली होती, आणि माझ्या पोटात थोडा नायट्रोजन उरला होता. "आजोबांनीही शेवटची ज्योत बघू दे," ती म्हणाली आणि मला चालू केलं. फरशी ओली होती म्हणून खिडक्या उघड्याच ठेवलेल्या.

मशाल पेटली. टाळ्या झाल्या. मंडळी गारठून पांगली. कोचिंदा सेन्सेई खिडकीकडे धावले.

"थांबा!" ओइकावा ओरडली.

पडद्यावर माझा वक्र उमटत होता. पहिला खड्डा यायची जागा आली आणि तिथे खड्डा नव्हता. दुसरी जागा आली, तिथेही नव्हता. आम्ही दोघं वर टेकडीवर, गळ्यात गळा घालून.

"खिडकी लावू का? माझे कान गळून पडतील."

"सेन्सेई," तिचा आवाज अगदी हळू झाला होता, "शेगडी आत आणा. पेटवा."

"देव पावला!" असं म्हणून कोचिंदा सेन्सेईंनी शेगडी एकट्याने उचलून आणली. खिडक्या लावल्या, शेगडी पेटवली, किटली चढवली. ती पडद्यापुढून हलली नाही. मशाल तीच, परीक्षेत पास झालेला मीही तोच. किटली गुणगुणू लागली आणि खड्डे हळूहळू पडू लागले. आधी पुसट, मग खोल. कोचिंदा सेन्सेईंनी शेकायला पुढे केलेले हात तसेच राहिले.

"आता खिडक्या उघडा. शेगडी पेटतीच राहू दे."

यावेळी त्यांनी कुरकूर केली नाही. वारा आत आला आणि खड्डे भरले.

मशाल आणि मी यांच्यामध्ये दोन हातांची जागा आहे, मित्रांनो. तिथे काही नसतं असं सगळ्यांना वाटतं. तिथे हवा असते. शेगडीतलं रॉकेल जळून जो कार्बन डायऑक्साइड निघायचा आणि किटलीतून जी वाफ निघायची, ती सगळी बंद खोलीत साठत होती. आणि मशालीतले तेच रेणू जो उजेड फेकत, तो हे मधले रेणू माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच गिळून टाकत. सकाळी परीक्षेच्या वेळी शेगडी पेटलेली नसायची, म्हणून मी रोज पास व्हायचो. मी चुकलो नव्हतो आणि ती चुकली नव्हती. दोघांच्या मध्ये दुसऱ्या कुणाची तरी माया तरंगत होती.

"माझ्या हिशेबात मधली हवा होती," ओइकावा म्हणाली. ती हसत होती आणि बाहीने डोळे पुसत होती. "पण ती पुस्तकातली. बाहेरच्या मोकळ्या मैदानातली. ही आपली हवा मी कधी मोजलीच नाही."

कोचिंदा सेन्सेई शेगडीपुढे गेले आणि तिला कमरेतून वाकून नमस्कार केला. मग तसेच वळून ओइकावालाही केला, आणि हा थट्टेचा नव्हता. "गुणक सापडला, ओइकावा," ते म्हणाले. "रॉकेलचा आहे."

तोमाबेची सेन्सेईंना हे कळलं तेव्हा ते गुडघे धरत स्वतः जिना चढून आले. दोन आलेख शेजारी ठेवून पाहिले. मग किटलीकडे पाहिलं. "म्हणजे आईनेच," ते म्हणाले आणि खो खो हसत सुटले. हसून झाल्यावर गंभीरपणे ओइकावाला म्हणाले, "मी तुला नापास कोण असं विचारलं होतं. मागे घेतो."

जानेवारीत खोलीतली हवा मोजायचं यंत्र आलं. खोलीत वायू किती, बाष्प किती हे ती रोज हिशेबात घालू लागली. त्यानंतर शेगडी पेटती असो वा विझलेली, तिचा वक्र माझ्यावर अलगद बसायचा. फेब्रुवारीतल्या सभेत एका बाहेरच्या प्राध्यापकांनी विचारलं, मधल्या हवेचं काय? कोचिंदा सेन्सेई सांगायचे, ती असं उत्तर द्यायला लागली की विचारणाऱ्यालाच घाम फुटला. वसंतात ती गेली. जायच्या दिवशी तिने मला शेवटचा नायट्रोजन पाजला आणि म्हणाली, "आजोबा, थाप मारायला शिकू नका हं."

पुढे नवे डोळे आले. त्यांना नायट्रोजन लागत नाही, ते एका झटक्यात अख्खं चित्र बघतात. मला कपाटात ठेवलं. माझ्या शेजारी ती बिडाची किटलीही आली, कारण खोलीत आता विजेची ऊब आहे. माझ्या काचेवर धूळ बसली. पाहुणे आले तर नव्या डोळ्यांपाशी जातात. वाईट वाटतं, नाही म्हणत नाही. पण कोचिंदा सेन्सेई अधूनमधून मला काढून पंप लावतात आणि माझ्या थर्मासच्या भिंतींत शिरलेली हवा उपसून टाकतात. "कशाला?" असं विद्यार्थी विचारतात. "सवय," असं ते सांगतात.

गेल्या हिवाळ्यात दारात पावलं वाजली. कोचिंदा सेन्सेईंचे केस आता पिकलेत, ते खुर्चीतून उठेपर्यंत आलेली बाई सरळ खिडकीपाशी गेली आणि नमस्कारसुद्धा न करता तिने ती सताड उघडली.

"अजून छळतेस का गं मला?" सेन्सेई अंगरखा गळ्यापर्यंत ओढत म्हणाले.

"आधी हवा, मग नमस्कार," ओइकावा म्हणाली, आणि मग खूप खाली वाकली.

तिने कपाट उघडलं. किटलीचं झाकण काढून आत पाहिलं आणि थर शाबूत आहे याची खात्री केली. मग मऊ फडक्याने माझी काच पुसली, सावकाश, कडेपासून मध्याकडे. माझी तार एका जुन्या काट्याच्या मीटरला जोडली, नायट्रोजन ओतला, वाफ विरेपर्यंत शेजारी उभी राहिली. आणि माझ्यापुढे तिने आपला उघडा तळहात धरला.

मित्रांनो, तुम्हालाही कधी असं होईल. दोन खरी माणसं असतील आणि त्यांचं जुळणार नाही. तेव्हा एकाला खोटं ठरवायची घाई करू नका. उठा आणि आधी खिडकी उघडा. आणि घरात एखादा जुना डोळा कपाटात पडून असेल, तर त्याची काच अधूनमधून पुसत जा. त्याला अजून दिसत असतं.

मला ओइकावाचा तळहात दिसला. काटा हलला, आणि जितका हलायला हवा होता तितकाच हलला.